न धरलेला दंड

"मावशी, धरा की! दुसऱ्यांची धरता आणि पोटची धरवत नाही होय?" सिस्टर सुई भरून उभी होती.

पोटची टेबलाखाली होती. सात वर्षांची, टेबलाच्या पायाला दोन्ही हातांनी विळखा घालून बसलेली. ओढायला गेलेल्या आईच्या मनगटावर तिचे दात उमटले होते.

दवाखान्यात या आईला सगळे पक्कड म्हणत. सुईच्या खोलीत मुलं धरून ठेवायची, हे तिचं चौदा वर्षांचं काम. मागून कवेत घ्यायचं, पाय आपल्या मांड्यांत दाबायचे, एक हात कपाळावर, दुसऱ्यात पोराचा दंड. खेळ खलास. पोराची हलायची बिशाद नसे.

तीन दिवसांपूर्वी पोरीला कुत्रं चावलं. पहिली सुई पक्कडनं अशीच धरून दिली. तेव्हापासून पोरगी आईशी चकार शब्द बोलली नव्हती. जेवायची, शाळेत जायची, शेजारीच झोपायची; पण भिंतीकडे तोंड करून. आज दुसरी सुई. ती चुकवणं म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ.

"पक्कड गंजली वाटतं!" कंपाउंडर खिदळला.

रांगेतला एक बाप म्हणाला, "दोन कानाखाली ठेवून द्या, बाई. डोक्यावर चढवून ठेवलीय नुसती."

"तुमच्या घरी ठेवा," ती फिस्कारली. "आणि उद्या पोरांनी दारात उभं केलं नाही, तर गळा काढत फिरू नका."

मग ती सरळ फरशीवर पालथी पडली आणि टेबलाखाली डोकं घातलं.

"सुई घ्यायचीच आहे. तिथं तुझं काही चालायचं नाही, माझंही नाही. पण कशी घ्यायची, ते तू सांग."

 तीन दिवसांनी पोरीचा आवाज फुटला.

"तू धरू नकोस."

"का गं? दुखतं?"

"तू धरलंस की तू त्यांच्यातली होतेस."

चौदा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तरी कुठल्या पोराला विचारलं होतं?

"नाही धरणार."

"अहो मावशी, हिसका दिला म्हणजे? सुई मोडेल आत!" सिस्टर ओरडली.

"मोडली तर मला बोला." तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

पोरगी बाहेर आली. स्टुलावर चढली. बाही स्वतःच वर केली. पाय लटपटत होते, हनुवटी थरथरत होती. दंड मात्र जागचा हलला नाही. तोंडही फिरवलं नाही तिनं. सुईकडे टक लावून राहिली, जणू सुईलाच दम देत होती.

पक्कड बघतच राहिली. हजारो पोरं धरली, पण सगळी मागून. सुई आत जाताना पोराचा चेहरा कसा होतो, हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. साडेतीन फुटांच्या देहात हे एवढं कुठून आलं? आपण तर दिलं नाही. आपल्याकडे होतंच कुठं? आणि हिलाच आपण सरळ करायला निघालो होतो! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

सुई निघाली. पोरीनं कापूस स्वतःच दाबून धरला, जरा वेळानं टाकला, स्टुलावरून उडी मारली आणि हात पुढे केला.

"आता धर."

पक्कडनं हात पुढे केला. किती जोरानं धरायचं, ते तिला कळेना.