टाकणाऱ्याचं नाव

आमच्या ऑफिसात कोड कुणीही लिहायचं, पण आत टाकायचे ते एकटे नारायणस्वामी. आत म्हणजे जुन्या सर्व्हरवरच्या भांडारात. कोडातला प्रत्येक बदल कधी झाला, कुणी आत टाकला, हे ते भांडार जपून ठेवतं. फार वर्षांपूर्वी कुण्या साहेबानं त्यात लिहायचा हक्क फक्त स्वामींच्या नावावर ठेवला आणि पुढे ती रीतच पडली. जो तो आपली फाइल घेऊन यायचा. "सार, एवढं टाका ना." सार चष्मा वर सरकवून टाकायचे. आयतं होतंय तर शिकतो कोण? त्या काळ्या पडद्यावरच्या आज्ञा दुसऱ्या कुणाला येतच नव्हत्या.

मी साताऱ्याहून इथे तमिळ मुलखात, ओरगडमला आले. ट्रक तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. स्वामी तंजावरी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मराठीच की तू? बैस मा, बैस." तेव्हापासून इतरांचे सार माझे काका झाले.

मग वेंकट हा नवा मॅनेजर आला, तो जुनं ते फेकायचं ठरवूनच. त्यानं सगळ्यांना कोड लिहायचा नवा एडिटर दिला आणि बजावलं, "भांडार याला जोडता येत नसेल तर बंद करा." भांडार सांभाळणं हेच काकांचं काम, ते बंद म्हणजे काका घरी. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांनी मुदतवाढ मागितली होती. कारण एकच, सीतालक्ष्मीकाकूंचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालायचं. मी म्हटलं, मी जोडते.

एडिटर कालचा, भांडार त्याच्या आजोबांच्या वयाचं. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. काका शेजारी बसून भांडाराच्या खोडी सांगायचे, मी त्या एडिटरला समजावायची. शेवटी जमलं. प्रत्येकाला स्वतःचं खातं मिळालं, बटण दाबलं की फाइल आत. शिवाय कोडाच्या प्रत्येक ओळीशेजारी, ती आत टाकणाऱ्याचं नाव फिक्या अक्षरांत दिसायला लागलं. दाखवायच्या दिवशी पडदाभर एकच नाव होतं. टाळ्या पडल्या.

"म्हणजे कंपनी तुम्हीच चालवता!" वेंकट म्हणाला.

काका संकोचले. "लिहिलं या सगळ्यांनी, सार. मी फक्त टाकलं."

ते कुणी कानावर घेतलं नाही. मुदतवाढीचा अर्ज मात्र पुढे सरकला आणि मी वेडी खूश झाले.

थोड्याच दिवसांत ब्रेक तपासणारं यंत्र भलतेच आकडे देतंय असं उघडकीला आलं. सदोष ब्रेकचे ट्रक पास झाले होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडायच्या आत कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. मीटिंगमध्ये वेंकटनं चुकलेली ओळ पडद्यावर आणली. शेजारी नाव, नारायणस्वामी.

ओळ आमच्यातल्याच गजेंद्रची होती. जोडणीच्या आधी तो ती घेऊन आला, तेव्हा मी तिथेच बसले होते. "घाई आहे सार, तपासलंय मी," असं म्हणाला होता. आता तो समोर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता. अख्ख्या खोलीला ठाऊक होतं आणि अख्खी खोली मूग गिळून बसली होती.

मी उठले. "हे गजेंद्रनं लिहिलंय. काकांनी फक्त टाकलं."

"तसं इथे कुठे दिसतंय?" वेंकट म्हणाला. "जोडणी तूच केलीस ना? मग ती खोटं दाखवते का?"

मी गजेंद्रकडे पाहिलं. "मला नीट आठवत नाही," तो म्हणाला.

"टाकलं मीच, सार," काका शांतपणे म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं नुसतं ऐकून होते. ती एसीत बसून, बिस्किटं खात खात देतात, हे त्या दिवशी पाहिलं.

मुदतवाढ नामंजूर झाली. निरोपाला शाल दिली, नारळ दिला. भाषण गजेंद्रनं केलं. सार म्हणजे आमचे वडील, म्हणाला. तो नारळ त्याच्याच तोंडात कोंबावा असं मला वाटलं.

काकांना बसपर्यंत सोडायला गेले. "त्याचं नाव का नाही घेतलंत?" मी चिडून विचारलं.

"घेऊन काय मा? टाकलों तर मीच की. ते खोटं अहे काय?"

"आणि काकू?"

"सरकारी आस्पत्रीत नाव दिलों अहे. पाळी येईल म्हणालेत." मग शाल पिशवीत कोंबून ते बसमध्ये चढले.

काकूंचा नंबर अजून लागलेला नाही; तोवर डायलिसिस पदरच्या पैशांनी चाललंय. मी फोन करते तेव्हा काका हवापाण्याचं बोलतात आणि मला रडू येतं.

परवा गजेंद्र पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलाशी आला. "अलकनंदा, एवढं टाक ना तुझ्याकडून."

"का? तुझं बटण मोडलं का?"

"तसं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "नाव दिसतं ना आता."

मी नाही म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तो खरोखरच दुखावला.

"सार कधी नाही म्हणाले नव्हते," तो म्हणाला.