तालमीतली नायिका

नृसिंह मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून रंगनाथच्या पायांवर ठेवली. रंगनाथ इंगळी डसल्यासारखा मागं सरला.

"आवं सर, काय करताय हे! मला पाप लागंल."

"लागू दे. पण आज रात्री उभा राहा."

पुणतांब्याच्या शाळेपुढं मंडप उभा होता. एका गाजलेल्या कादंबरीचं नाटक करायला मास्तरांनी तीन वर्षं रक्त आटवलं होतं, आणि सकाळी नगरहून निरोप आला: नायिकेचं काम करणाऱ्या लीनाबाई येत नाहीत. दुष्काळातल्या गावात अंघोळीला पाणी मिळणार नाही म्हणे! घ्या! ठरवून आणलेली नटी यायची ती शेवटच्या दिवशी. तोवर तालमीत तिच्या जागी रंगनाथ उभा राहायचा. अख्खी नायिका त्याला तोंडपाठ होती. अडत होतं ते मिशीपाशी.

"बा जिता हाय माझा, सर. बाप असताना मिशी काढू? त्यो आधीच हातरुणावर पडलाय."

"अरे, मिशी काय, महिन्यात परत येते!"

रंगनाथनं मान हलवली आणि कोरडी गोदावरी ओलांडून पलीकडच्या वस्तीवर निघून गेला.

मास्तर पार खचले. आधीच दोन तारखा हुकल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडून दमलेली माणसं आजची वाट बघत होती. पडदा उघडला नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. आणि गावाचं सोडा, नाटकावाचून त्यांच्याकडं दुसरं होतं तरी काय? दुपारी रंगाच्या खोलीत त्यांनी नटराजापुढं नारळ ठेवला आणि चक्क रडले.

"काय वाट्टेल ते कर देवा, पण रंगनाथला आण."

दिवेलागणीला रंगनाथ आला. डोक्याला पंचा गुंडाळलेला. मिशी नव्हती.

"शाब्बास रे पठ्ठ्या! हो म्हणाला बाप?"

रंगनाथ आरशापुढं जाऊन बसला. मास्तरांनी आनंदाच्या भरात स्वतः त्याला रंग लावला, भुवया कोरल्या, लुगडं नेसवलं. पहिली घंटा झाली. केसांचा टोप घेऊन ते त्याच्या मागं उभे राहिले आणि त्यांनी पंचा सोडला.

डोक्याचा गोटा केलेला होता.

"कधी?" मास्तरांनी विचारलं.

"दुपारी. तुमी टोपी ठिवली ते त्येला सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मंग उठलाच न्हाई."

"रंगनाथ, तू घरी..." बाहेर लोक टाळ्या पिटत होते.

"घरी रडायला लई मानसं हायती. हितं माझ्याबिगर कोन हाय? लावा टोप." तो आरशातच बघत होता. "नारळ मातुर तुमीच फोडा. मला सुतक हाय."

मास्तरांनी टोप बसवला. दुपारचा नारळ नटराजापुढं तसाच होता. तिसरी घंटा झाली, तरी त्यांचा हात तिकडं जाईना.