अकरा पानांची बाटली

मी एक जुनी बाटली आहे. तपकिरी काचेची, खांद्यावर धूळ, तोंडाच्या कडेला टोपणाच्या गंजाचा डाग. आता आतली बिअर संपलीय म्हणून बोलते. मित्रांनो, भरलेली होते तोवर मला तोंड उघडायची सोय नव्हती, आणि ती सत्तावीस वर्षं कुणी करून दिली नाही.

माझा जन्म बर्टन या विलायतेतल्या गावचा. तिथल्या एका छोट्या कारखान्यात आल्फ टनिक्लिफ नावाचा माणूस बिअर बनवत असे. माझ्या पोटात होती ती इम्पीरियल स्टाऊट. काळीकुट्ट, घट्ट आणि तापट. जव करपायच्या बेतात येईपर्यंत भाजतात, तेव्हा ती होते. ती ताजी प्यायची नसतेच. अंधारात वर्षानुवर्षं उभी ठेवायची, म्हणजे तिचा राग हळूहळू उतरतो.

त्या साली आल्फची बायको ईडी आजारी होती. मागच्या दाराशी तिचं तमालपत्राचं झुडूप होतं. दर रविवारी भाताच्या खिरीत ती त्याचं एक पान टाकायची. बिअर उकळायच्या दिवशी सकाळी आल्फनं त्याची अकरा पानं तोडून खिशात घातली, आणि आसपास कुणी नाही असं बघून ती तांब्याच्या मोठ्या हंड्यात सोडली. मालकांच्या कृतीत असलं काही नव्हतं. नाताळच्या आधी ईडी गेली. वसंतात कारखाना बंद झाला. आल्फनं आम्हा अठरा बाटल्यांना एका पेटीत भरून ग्लेनिस पॅडलीच्या पबच्या तळघरात आणून ठेवलं.

मग एक रीत पडली. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी दुपारी तिघं खाली यायचे: आल्फ, पबची मालकीण ग्लेनिस, आणि पिंपं बनवणारा ह्यूबर्ट स्प्रॉस्टन. वर्षाला एकच बाटली उघडायची. पेला तळहातांत धरून ऊब येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग ज्याला जो वास लागेल तो त्यानं सांगायचा, पण दुसऱ्यानं सांगितलेला वास परत सांगायचा नाही. आणि बिअरबद्दल खोटं बोलायचं नाही.

"मनुका," ग्लेनिस म्हणायची.

"मनुका मी म्हणणार होतो! आता मी काय म्हणू?" ह्यूबर्ट कुरकुरायचा.

"तुझं नाक आहे की दाराची कडी? शोध की काहीतरी."

"मग माझ्या आजोबांचा कोट. पावसात भिजलेला."

कधी कॉफी निघायची, कधी खोगिराचं चामडं, तंबाखूची पेटी. सगळं संपल्यावर आल्फ दर वर्षी हळूच विचारायचा, "आणखी काही?"

"आणखी काय? एवढ्याशा पेल्यात बाजार भरवायचाय का तुला?" ह्यूबर्ट म्हणायचा. आल्फ हसायचा आणि रिकामी बाटली उचलून वर न्यायचा. तो कशाची वाट बघतोय ते फक्त आम्हाला ठाऊक होतं. पण आमची तोंडं लाखेनं बंद.

अशा माझ्या सतरा बहिणी गेल्या. सतरावी इतकी सुरेख निघाली की तिघांनी पेल्यात थेंबही सोडला नाही. आणि इथेच त्यांनी चूक केली. स्टाऊट जपणाऱ्या माणसांकडून हीच चूक होते. "ही एवढी छान झालीय, तर शेवटची आणखी छान होईल," असं म्हणून त्यांनी मला राखून ठेवलं. सगळे हो म्हणतील तेव्हाच उघडायचं, असंही ठरलं. मग दर फेब्रुवारीत तिघं यायचे, मला दिव्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." सातव्या वर्षी ह्यूबर्ट आलाच नाही. त्याची टोपी ग्लेनिसनं माझ्या शेजारच्या खुंटीला अडकवली.

कौतुकाचाही शीण येतो, मित्रांनो. दहा वर्षं मी एकटी उभी होते. पोटातला फेस कधी विझला मला कळलंही नाही.

गेल्या मार्चमध्ये, एका साध्या मंगळवारी सकाळी, तळघरात एक पिंप आंबलं. वास असा की ग्लेनिस नाकाला पदर धरावा तसा ॲप्रन धरून खाली आली. आल्फ तिच्या मागे उतरला. त्या पिंपाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बरं वाटतं इथे. छान गार आहे."

ग्लेनिसनं त्याच्याकडे पाहिलं. "आल्फ, तुला वास येत नाहीये?"

तो पिंपावरून हात फिरवत राहिला.

"कधीपासून?"

"नाताळात ताप आला होता ना. तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस! म्हाताऱ्या, आयुष्यभर नाकावर जगलास तू!" तिनं तडक मला उचललं.

"ठेव ती. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय उघडायची नाही, ठरलंय आपलं."

"सगळे म्हणजे कोण? ह्यूबर्टची टोपी? माझं हो आहे."

"माझं नाही."

"का पण?"

आल्फ पायरीवर बसला. "एक गोष्ट शोधायची राहिलीय तिच्यात. ही शेवटची. हिच्यातही ती सापडली नाही तर?"

"कुठली गोष्ट?"

"ते मी सांगायचं नाही. तू सांगायचंस."

"मग सांगायला वास तर घ्यायला हवा," म्हणत ग्लेनिसनं लाख फोडून माझं टोपण काढलं. सुस्काराही आला नाही. पेल्यात मी तेलासारखी उतरले. फेसाचा एक थेंब नाही. दोघं पेले हातात धरून गप्प बसले. रीत ती रीत.

"मनुका," ग्लेनिस म्हणाली. "खूप."

"खोटं बोलू नकोस. फेस नाही, म्हणजे मनुकाही नाहीत. नाक गेलंय माझं, डोळे नाहीत गेले."

"बरं. ओला पुठ्ठा. सोया सॉस. झालं समाधान?"

"आणखी काही?" आल्फनं विचारलं.

तिनं परत नाक पेल्यात घातलं. माझ्यातला तापटपणा, कॉफी, चामडं, सगळं निघून गेलं होतं. मी थकले होते. आणि थकले होते म्हणूनच तळाशी राहिलेलं आता वर आलं.

"थांब," ती म्हणाली. "दूध. नाही... दुधात शिजलेला भात. खीर. खिरीत ते पान टाकतात ना, कडक, हिरवं?"

आल्फनं पेला पायरीवर ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"अकरा," तो म्हणाला.

"काय अकरा?"

मग त्यानं पानांचं सगळं सांगितलं. गाळ असलेला तळाचा घोट ते एरवी ओतून टाकत. तो आल्फ प्यायला. त्याला काहीच चव लागली नसणार. पण त्यानं तो तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

आता मी पबच्या खिडकीत असते. ईडीच्या झुडपाची एक फांदी माझ्यात पाणी पिते आहे. अशा फांदीला मूळ फुटणं कठीण, असं गिऱ्हाइकं म्हणतात. आल्फ दर मंगळवारी येऊन पाणी बदलतो, पान चुरगळून ग्लेनिसच्या नाकाशी धरतो आणि विचारतो, "येतोय?"

मित्रांनो, तुमच्याही कपाटात काहीतरी राखून ठेवलेलं असेल, एखाद्या खास दिवसासाठी. ते जपा, पण फार जपू नका. माझं सर्वांत चांगलं वर्ष कधीच उलटून गेलं होतं. आणखी एक वर्ष ते थांबले असते, तर कदाचित ते पानही गेलं असतं.