चौथ्या तारेवरचं पीठ

“बोट ओढू नकोस, देवा. उचल, आणि मग जा.” — सात वर्षांपूर्वीचा मिनेझिस सरांचा आवाज, गोव्याच्या ओल्या हेलाचा, मराठीतला एकेक शब्द जरा झुलवत आणणारा... आणि त्या आवाजाखाली, या रविवारच्या सकाळी, गिटारच्या चौथ्या तारेवर पांढुरका ठिपका. देवानंदनं तो नखानं खरवडला. तारेच्या बारीक वेढ्यांत तो घट्ट बसला होता. त्यानं बोट जिभेला लावलं. ज्वारीचं पीठ.

गिटार कपाटावर असते. ती उतरवायला त्याला टाचा उचलाव्या लागतात. नंदाला, त्याच्या बायकोला, धान्याचा डबा ओढून त्यावर चढावं लागतं. म्हणजे ती चढली. तो शेतकी केंद्राच्या प्रयोगशाळेत तुरीचे दाणे मोजत बसलेला असताना, भाकरी थापता थापता उठून, हातही नीट न धुता... किती दिवस चाललंय हे? आणि तू तरी गिटार वर का ठेवलीस, देवानंद? खाली धूळ बसते म्हणून? धूळ तर कपाटावरच जास्त बसते.

कोनाड्यात सरांचं पोस्टकार्ड होतं. परभणीहून औरंगाबादला चाललोय, रविवारी चारच्या गाडीनं बदनापूरला उतरतो, दोन तास आहेत. माझ्या आजीची अंगाई ऐकव. त्या दिवशी ऐकवलीस तशी.

त्या दिवशी ऐकवलीस तशी... हे चार शब्द आठ दिवस त्याला कुसळासारखे टोचत होते.

तो दारात बसला आणि गिटार मांडीवर घेतली. अंगाई सोपी. खालच्या तीन साध्या तारा मुक्या, बोट कसंही सरकलं तरी बोलत नाहीत. पण वरच्या तीन जाड तारांना धातूचा बारीक वेढा असतो, आणि अंगाईत एके ठिकाणी, बाळाचा डोळा नुकता लागावा तिथे, बोटाला चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यावरून सातव्यावर जावं लागतं. तिथे त्याचं बोट वेढ्यांना घासायचं. चीं! झोपलेलं बाळ दचकून उठावं असं. सात वर्षं रोज ते बाळ उठत होतं.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? टाच घासायच्या वजरीनं बोटांचे घट्टे घासले, काडीपेटीच्या खरबरीत अंगानं घासले. पावडर लावली. एकदा तारांनाच खोबरेल चोळलं, तेव्हा सर म्हणाले, “तार मेली रे. मुंबईहून आणावी लागते ती.” आणि नवी तार ओढता ओढता, त्याच्याकडे न बघता — “तू दाबतोस फार. कुणी हिसकावून नेईल असं धरतोस.”

चीं.

शेजारचा कडूबा कुंपणावर हात टेकून उभा होता. “देवानंदा, सकाळपासून उंदीर धरून राह्यला का काय?”

“घरात मांजर हाये की, त्याला बोलव,” देवानंद म्हणाला. कडूबा हसला. देवानंदही हसला, पण त्याचे कान आतल्या खोलीकडे होते. तिथे नंदा पीठ चाळत होती आणि चाळण थांबली होती. ती हसली का? नाही... ती ऐकत होती. त्याचं प्रत्येक चीं ती पदरात गोळा करत असणार, असं त्याला वाटलं, जोंधळ्यातले खडे वेचावेत तसं.

“त्या वळणाला बोट जड पडून राह्यलं तुमचं,” आतून ती म्हणाली.

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला काय कळणार? मला आपलं ऐकू येतं.” आणि चाळण पुन्हा सुरू.

मला ऐकू येत नाही का मग? मला तर फक्त तेवढंच ऐकू येतं. बाकीची अंगाई कधीच गेली माझ्या कानांतून, उरलंय ते एवढंसं चीं... तिला अख्खी अंगाई ऐकू येते. तिला कुणी शिकवली नाही, कुणी ‘उचल’ म्हटलं नाही. मी सात वर्षं घोकत राहिलो आणि ती भिंतीपलीकडे लसूण सोलत राहिली, एवढंच.

त्या दिवशी — दुष्काळ सरला त्या वर्षी, सरांची केंद्रातून परभणीला बदली झाली तेव्हा — तो मागे हापशावर गेला होता. परत येताना घरातून अंगाई ऐकू आली. पाय जागीच थबकले, हातातल्या बादलीतलं पाणी पायावर सांडलं. ते वळण आलं... आणि गेलं. आवाज नाही. उडालेलं पाखरू दुसऱ्या फांदीवर बसावं, एवढंच झालं. बाळ झोपलं. मग पुढच्या दारी सायकलचं स्टँड वाजलं. सर आले म्हणून नंदा गिटार खाटेवर टाकून चुलीकडं पळाली, चहासाठी तिनं स्टोव्हला पंप मारला, आणि मागच्या दारानं देवानंद आत आला. पुढच्या दारानं सर. मध्ये खाटेवर गिटार, अजून बारीक थरथरणारी.

“लिंबाखाली उभं राहून ऐकलं मी,” सर म्हणाले होते. त्यांचे डोळे ओले होते. “एकदाही घासलं नाही बोट. आता ही माझी नाही, देवा. ज्याचं बोट असं उचलतं, त्याची ही.”

स्टोव्ह भरभरत होता. तिला काही ऐकू गेलं नाही. त्यानं ओल्या पायांनी उभ्या उभ्या दोन्ही हात पुढे केले होते.

बस, एवढंच. खोटं एक अक्षर तो बोलला नव्हता.

पावणेचार होत आले. बोटांची टोकं लाल झाली. सरांना बोटं बघूनही कळेल. आल्या आल्या सांगावं का, बोट कापलंय म्हणून? चिंधी गुंडाळावी... आत जाऊन त्यानं एक चिंधी उचलली, आणि परत फिरताना चुलीच्या खोलीच्या दारातच थांबला.

सरांना तव्यावरची गरम भाकर आवडायची म्हणून नंदा चुलीपुढे बसली होती. आईची ओवी पुटपुटत होती, तिला सवयच होती —

तापल्या तव्यावरी, बोट टेकावं, उचलावं
सासर-माहेराचं, बाई, असं अंतर राखावं

बोटं भाकरीवर टेकत, सुटत. पुढे टेकत, सुटत. भाकर फिरत होती. कुठं ओढणं नाही, कुठं घासणं नाही. घासलं असतं तर भाकर फाटली असती, बोट भाजलं असतं. आठव्या-नवव्या वर्षापासून दिवसाला दोनदा तिनं हा रियाज केलेला, आणि देवानंद रोज समोर बसून ती भाकर खात आलेला.

त्याला राग आला. मग रागाच्या मागून दुसरंच काही आलं... ती बोटं त्याला हवी होती. तिच्या हातांतून उपटून आपल्या हातांना लावावीत इतकी हवी होती. आणि तरी ती बघत राहावीशी वाटत होती.

“वर चढून काढतीस गिटार,” तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. “कधीमधी.”

“पीठ लागलंय तारेला.”

“पुसते.”

“पुसू नको.”

दूर कुठंतरी गाडीची शिट्टी वाजली. आजच कशी वेळेवर! तो तिच्याशेजारी जमिनीवर उकिडवा बसला. धग तोंडावर आली. हातातली चिंधी कुठे ठेवावी त्याला कळेना. त्यानं ती चुलीत टाकली.

“नंदे, सरांनी गिटार मला दिली न्हाई. त्या दिवशी लिंबाखालून त्यांनी ऐकलं ते तुझं होतं. ज्यानं वाजवलं त्याची, असं म्हणले ते... तू चहा करून राह्यली व्हती. मी गप बसलो.”

भाकरीवर टेकलेलं तिचं बोट या वेळी लगेच उचललं गेलं नाही.