वाटीतली किल्ली

टण्ण! दाराजवळच्या स्टीलच्या वाटीत किल्ली पडली आणि माझ्या मांडीवर नुकताच डोळा लागलेली लेक दचकली.

एरवी किल्लीमागोमाग सासऱ्यांची हाक येते, "साहेब, गरिबाला चहा मिळेल का?" गावच्या पोलीस ठाण्याची प्रमुख मी, म्हणून घरात हे चिडवणं. आज हाक आली नाही. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस थेट खोलीत गेला. बाहेर जाऊन पाहिलं, तर गाडीचा डावा दिवा फुटलेला आणि त्यात निळ्या कापडाची चिंधी अडकलेली.

संध्याकाळी ठाण्यात हवालदार म्हणाले, "शिंपीणबाई सायकलवरून पडल्यात. हात मोडलाय. पण तक्रार नाही म्हणतात." मग माझी नजर टाळून, "मिटलंच की, मॅडम."

मी तशीच, वर्दीत, तिच्या घरी गेले. तिथेच चुकलं. दार उघडताच तिचा चेहरा उतरला. "मीच पडले हो. मी कुणाचं नाव घेतलंय का?"

तिला वाटलं, मी तिचं तोंड बंद करायला आलेय. आज हिला वाटलं, उद्या गावाला वाटेल. मग ठाण्याची पायरी चढेल कोण?

घरी सासरे पलंगाच्या कडेवर बसले होते. "दिसलीच नाही गं ती," ते म्हणाले. आज 'साहेब' नाही. "उतरून उचललं तिला. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही जा, मॅडमना कळायला नको. आणि मी आलो निघून. डाव्या डोळ्याला वर्षभर धूसर दिसतंय. सांगितलं असतं, तर तू किल्ली घेतली असतीस."

"घेतलीच असती, बाबा."

"तेच तर."

सकाळी साध्या कपड्यांत, लेकीला कडेवर घेऊन मी पुन्हा गेले. पुढे सासरे. दारातच त्यांनी हात जोडले. "पोरी, माझ्या गाडीने पाडलं तुला. तसंच लिहून दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हवालदार लिहून घेतील. मी त्या खोलीतही नसेन. तपास शेजारच्या ठाण्याकडे जाईल."

"आणि माझी शिलाई? ती कोण करणार, मॅडम, तुम्ही?"

"मला बटणसुद्धा नीट लावता येत नाही."

ती फिसकन हसली. "मग गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला ह्यांना पाठवा. पण पायी हं!"

"पायी तर पायी," सासरे म्हणाले.

प्लास्टरचा हात सांभाळत ती ठाण्याची पायरी चढली. मी बाहेरच्या बाकावर, जिथे गाव बसतं तिथे, लेकीला घेऊन बसले. तासाभराने सासरे बाहेर आले, निघताना वाटीतून उचललेली किल्ली खिशातून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग शिंपिणीची पिशवी खांद्याला अडकवून, ताठ मानेने रस्त्याला लागले.

लेक त्यांच्याकडे बघत होती. मग तिने माझी बोटं उघडून किल्लीवर हात ठेवला.

"आई, तू म्हातारी झालीस की तुझी किल्ली मी घ्यायची का?"