चार टक्क्यांनी चुकलेला साक्षीदार

"मागच्या भिंतीला खिडक्या नकोत असं मीच सांगितलं. तेच चुकलं असेल तर?" या एका प्रश्नाने काल विनिताला झोपू दिलं नाही. सारखी उठून माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार? मी हवेतला दमटपणा दाखवणारा काटा बोलतोय. बशीएवढं माझं तोंड, त्यावर शून्य ते शंभर आकडे, आणि समुद्रकाठच्या किहीममधल्या एका घराच्या बैठकीत माझ्या मालकीचा एक खिळा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतं ते विनिताच्या मांडीवरचं आठ दिवसांचं बाळ, तेजस्वी. बाळ खोकलं म्हणून मला आणलं. माझ्या येण्याने खोकला थांबला नाही, पण विनिताला काळजी करायला आकडा मिळाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, माझा आकडा ती दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहू लागली. चार वर्षं झाली, अजून लिहिते. तिच्या सासूबाई, कृष्णाबाई, म्हणतात, "लोकं दुधाचा खाडा लिवतात, आमची सून वाऱ्याचा लिवते."

विनिता घरूनच पुण्याच्या एका कचेरीचं काम करते. इमारत बांधण्याआधी ती किती तापेल, किती वीज खाईल, ते संगणकावर मांडून बघायचं. त्यात सुरुवातीलाच विचारतात, इमारत कोणत्या हवामान विभागात? देशाचे असे पाच विभाग. उष्ण-दमट म्हटलं की समोरासमोर मोठ्या खिडक्या हव्यात. समशीतोष्ण म्हटलं की कमी चालतात. पुढचं सगळं गणित त्या एका उत्तरावर उभं.

गेल्या महिन्यात रस्त्यापलीकडच्या नव्या बालवाडीचं काम आलं. जूनपासून तेजू तिथेच बसणार. वेळ वाचवायला विनिताने पुण्यातल्या एका शाळेची जुनी फाइल उचलली. नाव बदललं, मापं बदलली. विभाग बदलायचा राहिला. किहीमची बालवाडी पुण्याच्या समशीतोष्ण हवेत बसली आणि मागच्या चारही खिडक्या उडाल्या.

आज सकाळी फाइल पुन्हा उघडल्यावर हे दिसलं. तोवर रावजी गवंड्याने मागची भिंत चढवायला घेतली होती.

तिने कचेरीतल्या निकेत सरांना फोन लावला.

"अगं, पानभर नकाशात सगळा देश. पुणं आणि तुमचं किहीम एकाच नखाखाली येतात. राहू दे तसंच."

"सर, माझ्याकडे चार वर्षांचे आकडे आहेत."

"त्या भिंतीवरच्या खेळण्याचे? ते बरोबर आहे कशावरून?"

खेळणं! पण खरं सांगू? राग नाही, मला भीतीच वाटली. दिवाळीत तेजूने मला खाली पाडलं होतं. तेव्हापासून माझाच माझ्यावर विश्वास नाही.

विनिताने कुठेतरी वाचलं होतं की बंद बरणीत ओलसर मिठाशेजारी ठेवलं, तर नीट काटा पंचाहत्तर दाखवतो. कृष्णाबाईंचं माहेर मिठागरावरचं. जाडं मीठ त्यांच्याकडे कायम.

"काय गो, काट्याचं लोणचं घालतेस?"

"आठ तास ठेवायचाय, आई."

"आठ तासात रावजी भिंत पुरी करंल. त्याला थांबव आधी."

"आणि हा काटाच खोटा निघाला तर?"

कृष्णाबाईंनी मीठ काढून दिलं.

झाकण लागलं. काचेपलीकडून थापीचा आवाज येत होता, टक, टक, आणि प्रत्येक टक म्हणजे एक वीट. तेजू बरणीला नाक लावून मला बघायची. विनिता खिडकीशी जायची, भिंतीचे थर मोजायची, परत यायची. मला वाटत होतं, मी चुकलो तर ही पुन्हा कधी स्वतःवर भरवसा ठेवणार नाही. आधीच कुठे ठेवते म्हणा.

संध्याकाळी तिने वाकून पाहिलं. एकोणऐंशी. मी चार टक्क्यांनी खोटा!

तिचा चेहरा उतरला. मग तिने चारही वर्षांच्या दिनदर्शिका खाली काढल्या आणि पेन्सिलीने प्रत्येक आकड्यातून चार वजा करू लागली. तरी पावसाळा नव्वदच्या आसपासच राहिला. मे महिन्यातली दुपारही सत्तरच्या खाली येईना, आणि त्या वेळी पुण्यात याच्या निम्मा दमटपणाही नसतो.

"सर, काटा चार टक्क्यांनी चुकतो. मी त्याहून जास्त चुकले. विभाग बदलायचा मीच विसरले. खिडक्या परत घालायच्यात."

"बरं. गवंड्याला तूच सांग."

एका हातात तेजू, दुसऱ्या हातात मी, अशी ती रस्ता ओलांडून गेली. वारा समुद्राकडून येत होता आणि त्या कोऱ्या भिंतीला धडकून परत जात होता.

भिंत पुरी करून रावजीने थापी धुतली होती. "ताई, आता सांगता? सकालपासून समोरच्या खिडकीत उभ्या व्हत्या ना तुम्ही?"

विनिताने तेजूला खाली उतरवलं.

आता माझ्या काचेला मिठाचा पांढरा डाग पडलाय आणि तोंडावर विनिताने चिठ्ठी चिकटवलीये, "चार वजा करा." मला त्याची लाज नाही. माझं एवढंच मागणं आहे, जुन्या फाइलवर नवं नाव घालण्याआधी त्या गावात एकदा दार उघडून उभे राहा. आणि चूक कळली की माझ्यासारखी आठ तास बरणीत ठेवू नका.

त्या भिंतीपाशी विनिता गुडघ्यावर बसली. "तेजू, आईचं चुकलं. तुमच्या वर्गात वारा यायला जागाच ठेवली नाही मी."

तेजूने भिंतीच्या सांध्यात बोट खुपसलं, बाहेर काढून बघितलं आणि म्हणाली, "ओलीच आहे अजून. निघेल."