सातवी चिठ्ठी

मित्रांनो, मी शाळेच्या सभेच्या खोलीतली जुनी लाकडी खुर्ची आहे. तुमच्या वर्गातल्या बाकांशी माझं नातं लांबचं. माझ्यावर शाळा समितीचे अध्यक्ष बसायचे, म्हणून तारुण्यात मला जरा ताठा होता. तो आता उरलेला नाही. का उरला नाही, तेच आज सांगायला बसले आहे. बसले आहे म्हणजे उभीच आहे. खुर्चीला बसता येत नाही, तेवढं समजून घ्या.

शाळेचं जुनं फाटक मोडलं, तेव्हा त्याच्या लाकडातून एका सुतारानं मला घडवलं. माणूस हाताचा सच्चा होता. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटली की ती भुशात बसून रंध्याच्या कुरळ्या सालींच्या बांगड्या करायची. माझे हात रुंद, पाठ सरळ, तीन पाय एकदम खणखणीत. मागचा डावा पाय मात्र लाकडाच्या अशा तुकड्याचा निघाला, ज्यात पूर्वी फाटकाचा मोठा खिळा ठोकलेला होता. काही वर्षांनी तिथे टोकाला फट पडली, पाय झिजला, आणि मी डुगडुगू लागले.

सुताराला बोलवायचं असं प्रत्येक सभेत ठरायचं आणि प्रत्येक सभेत राहून जायचं. शेवटी शाळेच्या शिपाईमामांनी एका कागदाची जाड घडी केली आणि त्या फटीत खुपसली. मी तात्पुरती सरळ झाले. कागद झिजला की मामा दुसरा घालायचे. एवढ्या मोठ्या शाळेचा कारभार वर्षानुवर्षं एका कागदाच्या घडीवर उभा होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मला सगळ्यात आवडायची ती निवडणूक. दर तीन वर्षांनी एका रविवारी आईबाप शाळेत यायचे, रांगेत उभे राहायचे आणि मतं देऊन समितीवर सात जण निवडायचे. आठवड्यानं ते सात जण माझ्यासमोरच्या लांब टेबलाभोवती बसून आपल्यातला एक अध्यक्ष ठरवायचे. प्रत्येकाला शाळेचा गोल शिक्का मारलेला एकेक कोरा कागद मिळायचा. त्यावर नाव लिहायचं, घडी करायची आणि झाकणाला चीर पाडलेल्या खडूच्या डब्यात टाकायची. डबा हातोहात टेबलाभोवती फिरायचा. ज्याला जास्त चिठ्ठ्या, तो माझ्यावर बसायचा. इतकं साधं होतं ते, आणि इतकं साधं असूनही माणसं आदल्या रात्री झोपायची नाहीत.

पहिले अध्यक्ष निवृत्त मास्तर होते. ते कधी माझ्या पाठीला टेकले नाहीत. "ही खुर्ची टेकायला नाही, ऐकायला आहे," असं म्हणायचे आणि खरंच ऐकायचे. पाहुणे आले की माझ्या कोरीव हातांवरून बोट फिरवून म्हणायचे, काय काम आहे हो. मी फुलून जायचे.

मग ती निवडणूक आली, जिच्यामुळे माझी झोप उडाली.

त्या वर्षी अध्यक्षपदासाठी दोन नावं होती. एक छापखानेवाले, दुसऱ्या नर्सबाई. छापखानेवाले वाईट नव्हते, हे आधीच सांगते. कामाला वाघ होते, फक्त घाई फार. नर्सबाई सरकारी दवाखान्यात होत्या; छातीवर उलटं टांगलेलं छोटं घड्याळ, बोलणं मोजकं, आणि जाईल तिथे पसारा आवरायची सवय. दोघांत भांडण एकाच गोष्टीवरून होतं. पुलापलीकडे आमच्याच शाळेच्या दोन खोल्या होत्या. तिथे चौतीस मुलं शिकायची. छापखानेवाल्यांचं म्हणणं, ती शाखा बंद करा, मुलं पूल ओलांडून इकडे येतील. नर्सबाईंचं म्हणणं, पुलावरून दिवसभर मालट्रक धावतात, लहान मुलं येणार नाहीत, घरीच बसतील.

सातांपैकी तिघं इकडे, तिघं तिकडे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. राहता राहिले सातवे. ते घड्याळं दुरुस्त करायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "सावकाश." म्हणून त्यांचं नावच सावकाशराव पडलं होतं. नर्सबाई त्यांना लहानपणापासून दादा म्हणायच्या. दोघांची घरं एका भिंतीची. छातीवरचं ते घड्याळ दर वर्षी दादाच पुसून, तेल घालून द्यायचे. पण दादांचं दुकान होतं छापखानेवाल्यांच्या इमारतीत. दोन्हीकडून विचारणा झाली तेव्हा त्यांनी दोघांना एकच उत्तर दिलं, "विचार करून लिहितो." एवढ्यावरून लोकांनी त्यांना कुंपणावर बसवून टाकलं.

निवडणुकीच्या सकाळी शिपाईमामांनी मला धुऊनपुसून चकचकीत केलं. पायातला जुना मळकट कागदही उपसून फेकला आणि नवा घालायला विसरले. शिक्षण खात्यातून आलेले साहेब निवडणूक चालवायला माझ्यावर बसले. डबा फिरू लागला. सावकाशरावांनी नाव लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली, आणि कागदाच्या घडीवर घडी घालत गेले. मूग गिळल्यासारखा चेहरा आणि बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी. ती झाकणाच्या चिरेत अर्धीच गेली. वरून दाबून त्यांनी डबा पुढे सरकवला. टेबलाच्या दोन फळ्या जिथे जुळतात तिथे डब्याला हिसका बसला आणि चिठ्ठी बाहेर निसटून खाली पडली. माझ्या लंगड्या पायाजवळ.

कुणी पाहिलं नाही. पुढच्यांनी आपली चिठ्ठी टाकली. साहेब डबा घ्यायला पुढे वाकले आणि मी खाडकन डावीकडे कलले.

"अहो, ही खुर्ची डुगडुगतेय," साहेब दचकून म्हणाले.

नर्सबाई साहेबांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. पायाशी घडी केलेला कागद दिसला. या खोलीत माझ्या पायाखाली कागद असतो, हे त्यांना पाठ होतं.

"काही नाही साहेब, कागद निघालाय तिचा," त्या म्हणाल्या. "उठा जरा."

साहेब अर्धवट उठले. बाईंनी केसातली पिन काढली आणि ती चिठ्ठी माझ्या फटीत आतपर्यंत, नीट, घट्ट बसवली. साहेब पुन्हा टेकले. मी अजिबात हलले नाही. मित्रांनो, लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

डबा उघडला. सहा चिठ्ठ्या निघाल्या. तीन एका नावाच्या, तीन दुसऱ्या नावाच्या.

"कागद सात दिले होते," साहेब म्हणाले. "कुणी टाकली नाही?"

सगळे म्हणाले, टाकली. सावकाशरावही म्हणाले, "मी टाकली." मग शोधाशोध झाली. डबा ठोकून पाहिला, टेबलाखाली पाहिलं, सगळ्यांना उठवून त्यांच्या खुर्च्या सरकवून पाहिल्या. साहेबांना मात्र कोण उठवणार? एका माणसाच्या मानापायी माझे चार पाय तेवढे पाहायचे राहिले. छापखानेवालेच म्हणाले, पुन्हा मत घेऊ. साहेबांनी नियमावर बोट ठेवलं, डबा एकदा उघडला की पुन्हा मतदान नाही, समान मतं पडली तर दोन्ही नावं डब्यात टाकून एक काढायचं. शिपाईमामांनी डोळे मिटून डब्यात हात घातला आणि छापखानेवाल्यांचं नाव काढलं.

लोक पांगले. दारात नर्सबाईंनी सावकाशरावांना गाठलं. दार माझ्यापासून चार हातांवर, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"दादा, मला द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं. चिठ्ठी खिशात घालायची काय गरज होती?"

"टाकली गं मी."

"मग गेली कुठे?"

सावकाशरावांना तरी कुठे माहीत होतं? माहीत होतं ते मला, आणि मला बोलता येत नाही. त्या दिवसापर्यंत त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

गावानं निकाल लावून टाकला होता. सावकाशराव घाबरले, दुकानापायी चिठ्ठी गिळून बसले, असं कुणीही कुणालाही सांगायचं. दुकानासमोरून जाताना शाळेची मोठी मुलं पुटपुटायची, "सातवी कुठाय?" पंधरा दिवसांनी त्यांचा राजीनामा टेबलावर आला. मुंगीएवढ्या अक्षरात एकच ओळ. तीन महिन्यांनी पुलापलीकडची शाखा बंद करण्याचा ठराव आला. सावकाशरावांची जागा रिकामीच होती. तीन हात बाजूनं वर झाले, तीन विरुद्ध. समान मतं पडली की अध्यक्षांचं मत आणखी एकदा धरतात. छापखानेवाल्यांनी माझ्या हातावरचा हात पुन्हा उचलला आणि शाखा बंद झाली. ज्या चिठ्ठीनं हे सगळं टळलं असतं, तिच्यावर मी पाय रोवून उभी होते.

पहिल्या महिन्यात पलीकडची सव्वीस मुलं आली. दुसऱ्या वर्षी सतरा. तिसऱ्या वर्षी हजेरीपटावर नऊ नावं राहिली. कामावर जाण्याआधी नर्सबाई पुलाच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायच्या. त्यांच्या छातीवरचं घड्याळ एव्हाना बंद पडलं होतं. दादांकडे त्या गेल्या नाहीत, आणि दुसऱ्या कुणाकडे टाकायला मन घेत नव्हतं. बंद घड्याळ त्या तसंच लावून फिरायच्या.

पुढे सभेच्या खोलीत गोल फिरणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. फाटक्या नकाशांशेजारी, दांडी मोडलेल्या पृथ्वीच्या गोलाखाली. धूळ बसली, कोळ्यांनी संसार थाटले. मला त्याचं दुःख नव्हतं. मला त्या पायातल्या कागदाचं ओझं होतं. इतका हलका कागद, पण बारा वर्षं तो मला पेलवला नाही.

बारा वर्षांनी नर्सबाई अध्यक्ष झाल्या. बिनविरोध. केस पांढरे झालेले, नोकरी संपलेली. त्या म्हणाल्या, "त्या फिरत्या खुर्चीत मला गरगरतं. जुनी आणा. पण आधी तिचा पाय दुरुस्त करून घ्या, फार झालं ते कागद घालणं."

सुताराची ती मुलगी आता बापाचा धंदा चालवत होती. तिनं मला व्हरांड्यात आणून उलटी केली. फटीत पातळ पटाशी सारली आणि दगडासारखी घट्ट झालेली घडी बाहेर काढली. फेकणार होती, पण शिक्क्याचा निळा कोपरा दिसला म्हणून उलगडली.

"मावशी, याच्यावर तुमचं नाव आहे," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला. गोल शिक्का, खाली त्या दिवसाची तारीख, आणि मधोमध मुंगीएवढ्या अक्षरात त्यांचं नाव. मग त्यांचा हात आपोआप केसातल्या पिनेकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हा मीच घातला होता," त्या म्हणाल्या. "या हातानं."

सावकाशराव गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते.

त्या संध्याकाळच्या सभेत बाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि ती इतिवृत्तात लिहायला लावली. कुणीतरी म्हणालं, "बाई, आता काय उपयोग?" बाई म्हणाल्या, "काही नाही. तरी लिहा." नंतर चिठ्ठी घेऊन त्या दुकानात गेल्या. तिथलं मला शिपाईमामांच्या तोंडून कळलं. ते सोबत होते. दुकानात सावकाशरावांच्या पत्नी बसल्या होत्या. बाईंनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "वहिनी, दादांनी टाकली होती."

वहिनींनी चिठ्ठी वाचली, पुन्हा तशीच घडी घातली.

"त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते तुम्हालाच."

एवढं बोलून त्यांनी ड्रॉवर उघडला. आत एका छोट्या पाकिटात नर्सबाईंच्या घड्याळाची नवी कमान, म्हणजे स्प्रिंग, होती, वर दादांच्या अक्षरात बाईंचं नाव. घड्याळ बंद पडलेलं पाहून त्यांनी ती आणून ठेवली होती. न्यायला कुणी आलं नव्हतं.

मित्रांनो, आता माझे चारही पाय सारखे आहेत. माझ्यावर नर्सबाई बसतात, आणि टेकत नाहीत. पुलापलीकडच्या दोन खोल्यांत कुणाचं तरी गोदाम आहे. ती मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, त्यांना काही परत देता आलं नाही. नवा नियम मात्र झाला आहे. चिठ्ठ्या उलगडण्याआधी त्या घडी असतानाच मोजतात. एक जरी कमी भरली, तर कितीही मोठा माणूस बसलेला असो, त्याला उठवतात, मला आडवी पाडतात आणि माझे पाय तपासतात. मला त्यात अपमान वाटत नाही.

उद्या तुम्हीही कुठेतरी माणसं निवडाल, कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवाल. तेव्हा या म्हातारीचं एवढं ऐका. खुर्ची डगमगत असेल तर तिचा पाय दुरुस्त करा. आणि तेवढा वेळ नसेल, हाताला लागेल तो कागद खाली सारायचाच असेल, तर निदान आधी तो उलगडून वाचा.